खाडीतली लाट गणिताने सोडवायची तर बेसिस फंक्शन कोणतं घ्यावं?

काजळीकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीत गणितात एमएस्सी करते आहे, शेवटचं वर्ष. रोज भाट्याच्या पुलावरून जाणं-येणं असतं. खाली काजळी नदी समुद्राला मिळते. उधाणाच्या दिवशी पाणी आत शिरताना बघत बघतच प्रकल्पाचा विषय ठरला, खाडीत शिरणारी लांब लाट.

खरी खाडी वळणावळणाची असते, मी ती फार सोपी करून घेतली आहे. १२ किलोमीटरचा सरळ चर, रुंदी सगळीकडे सारखी. मुखापासून पहिले ४ किमी खोली ६ मीटर, तिथे उंबरठा, आणि पुढचे ८ किमी खोली २ मीटर. वरचं टोक बंद. हे आकडे कुठल्याही खाडीत मोजलेले नाहीत, प्रकल्पापुरते धरलेले आहेत. उथळ पाण्यात लांब लाटेचा वेग = √(९.८१ × खोली). म्हणजे खोल भागात सेकंदाला ७.६७ मीटर आणि उथळ भागात ४.४३ मीटर. मुखापासून वरच्या टोकापर्यंत लाट पोचायला साधारण ३९ मिनिटं लागतात.

सुरुवातीला मुखाजवळ एक गुळगुळीत फुगवटा ठेवला, पाच मिनिटांत एका जागेवरून पुढे जाईल एवढा लांब, आणि तो आत सोडला. लाटेचा आकार ज्या ठरावीक फलनांच्या (फंक्शनांच्या) बेरजेने लिहायचा, ती फलनं म्हणजे बेसिस. पुस्तकात पहिल्यांदा भेटतात ती फोरियरची साइन-कोसाइन, म्हणून ६४ बिंदू घेऊन पायथनमध्ये एफएफटी (ती बेरीज झटपट काढायची रीत) वापरून लिहिलं. पहिली काही मिनिटं सुंदर चाललं. मग दोन गोष्टी झाल्या.

पहिली: उंबरठ्यावरून परतलेली छोटी लाट साधारण सतराव्या मिनिटाला मुखाशी आली, बाहेर पडली, आणि त्याच क्षणी वरच्या बंद टोकातून आत शिरली. डोंगरातून समुद्राची लाट यावी तसं.

दुसरी: ४ किमीच्या आसपास बारीक सुरकुत्या पडल्या. त्या विरत नाहीत. बिंदू ६४ चे १२८ केले तर सुरकुत्या अरुंद झाल्या, पण गेल्या नाहीत.

मग चेबिशेव बहुपदी घेतल्या, म्हणजे आवर्ती नसलेली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची फलनं. काळ २० सेकंदांच्या पावलाने पुढे नेला तर दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटालाच सगळे आकडे फुटले. पाऊल १ सेकंदावर आणल्यावर चाललं, डोंगरातून लाट येणंही थांबलं, पण उंबरठ्याजवळच्या सुरकुत्या तशाच. आता ठरत नाही. बेसिस निवडताना नेमकं काय बघायचं असतं?

सुरूची_सावली

ताई, उत्तम प्रश्न आणि त्याहून उत्तम म्हणजे काय बिघडलं ते नीट लिहिलंत. वर्गात हा विषय शिकवताना मी नेहमी एकच सांगतो: बेसिस निवडताना लाटेकडे बघू नका, लाटेला वाटेत काय भेटतं ते बघा.

तुमच्या लाटेला तीन गोष्टी भेटतात. उघडं मुख, बंद टोक आणि उंबरठा. फोरियरला यातली एकही ठाऊक नाही. त्याच्या लेखी तुमची खाडी गोल बांगडी आहे, १२ किमी संपले की पुन्हा शून्य. डोंगरातून आलेली लाट ही प्रोग्राममधली चूक नव्हे, बेसिस आपलं काम चोख करत होतं. जिथे प्रश्न खरोखर आवर्ती असतो, पृथ्वीभोवतीच्या अक्षवृत्तासारखा, तिथे फोरियरला तोड नाही.

चेबिशेवला टोकं कळतात. पण त्याची किंमत मोजावी लागते. बिंदू टोकांशी दाटीवाटीने बसतात. तुमच्याच आकड्यांवर बघा: ६४ घाताला मधोमध शेजारच्या दोन बिंदूंत सुमारे २९५ मीटर अंतर, आणि अगदी टोकाला फक्त ७ मीटर. वेग ७.६७, म्हणजे लाट ते ७ मीटर एका सेकंदात ओलांडते. म्हणून १ सेकंदावर चाललं आणि २० वर फुटलं. एका पावलात लाटेने बिंदूंमधल्या अंतरापेक्षा फार पुढे जाऊ नये, ही कुरांट, फ्रीडरिख्स आणि लेवी यांनी १९२८ साली मांडलेली अट इथे थेट दिसते. समान अंतरावरचे ६४ भाग घेतले असते तर प्रत्येक भाग १८७ मीटरचा झाला असता. पण मग ६४ घाताची एकच बहुपदी समान बिंदूंतून ओढली की टोकांशी ती बेफाम हेलकावे खाते. रुंगे यांनी १९०१ मध्ये दाखवलेली हीच अडचण. दाटी हा चेबिशेवचा दोष नाही, त्याचं बळ तिथूनच येतं.

आता सुरकुत्या. उंबरठ्यावर पाण्याची पातळी सलग राहते, आणि खोली × पातळीचा उतार हा गुणाकारही सलग राहतो, कारण इकडून जितकं पाणी गेलं तितकं तिकडे पोचलं पाहिजे. खोली ६ ची २ झाली तर उतार तिप्पट व्हायलाच हवा. म्हणजे पातळीच्या आलेखाला त्या जागी कोपरा पडतो. साइन असो वा चेबिशेव, संपूर्ण १२ किमीवर पसरलेलं गुळगुळीत फलन एका जागी कोपरा कसा काढणार? शेकडो पदं एकमेकांना छाटत तो कोपरा घडवतात, आणि फोरियरचे सहगुणक अशा वेळी पदाच्या क्रमांकाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात, म्हणजे फार सावकाश, कमी होतात. उताराला तर थेट उडीच आहे. उडीपाशी गिब्ज यांच्या नावाने ओळखला जाणारा उसळा येतो, उडीच्या सुमारे ९ टक्के, आणि पदं कितीही वाढवली तरी त्याची उंची घटत नाही, फक्त रुंदी घटते. तुम्ही १२८ बिंदूंवर नेमकं हेच पाहिलंत. १८९९ मध्ये गिब्ज यांनी लिहिलं, पण विल्ब्रहॅम यांनी १८४८ मध्येच ते गणित केलं होतं.

हा वाद लाटेच्या समीकरणाइतकाच जुना आहे. दालांबेर यांनी १७४७ मध्ये तारेचं समीकरण मांडलं. १७५३ मध्ये डॅनियल बर्नुली म्हणाले, तारेचं कुठलंही कंपन साइनच्या बेरजेने लिहिता येईल. ऑयलर यांना ते पटलं नाही. बोटाने ओढून सोडलेल्या तारेला कोपरा असतो, गुळगुळीत साइनच्या बेरजेतून कोपरा कसा निघेल, हा आक्षेप. उत्तर पुढे फोरियरच्या वाटेने मिळालं: निघतो, पण अनंत पदांनी. संगणकावर आपल्याकडे अनंत पदं नसतात, म्हणून ऑयलर यांची शंका आपल्यासाठी अजून जिवंत आहे.

उपाय उद्या सविस्तर लिहितो, आज पेपर तपासायचे आहेत.

मधला_बिंदू

मी बंदरांच्या कामात आहे, म्हणून थोडं वेगळं मत. एका मितीत, सरळ चरासाठी बेसिसच्या एवढ्या खोलात जायची गरज नाही. साधी फरक-पद्धत घ्या, म्हणजे उतार शेजारच्या बिंदूंच्या वजाबाकीने काढायचा. पातळी एका बिंदूवर, प्रवाह त्याच्या मधल्या बिंदूवर, अशी आलटून पालटून मांडणी करा. दोन्ही भागांत बिंदूंमधलं अंतर त्या त्या वेगाच्या प्रमाणात ठेवा, म्हणजे खोल भागात ७.६७ तर उथळ भागात ४.४३, आणि काळाचं पाऊल लाटेला एक अंतर ओलांडायला लागतो बरोबर तेवढं घ्या. मग प्रत्येक भागात लाट एका पावलात नेमकी एक बिंदू सरकते. अंतराची चूक आणि काळाची चूक एकमेकींना पूर्ण खातात. अर्ध्या पानाचा प्रोग्राम होतो.

सुरूची_सावली

दादा, एका मितीपुरतं तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. ताईंनी ते आधी करून बघावं, म्हणजे ताडून पाहायला खात्रीचं उत्तर हातात राहील. पण खाडी वळली, बेट आलं, खोली सतत बदलू लागली की ही जादू टिकत नाही, आणि प्रकल्पाचा पुढचा टप्पा तोच असणार.

आता उपाय. फलनं खाडीभर पसरवायची नाहीत. खाडीचे तुकडे करायचे, आणि तुकड्याची हद्द बरोबर उंबरठ्यावर ठेवायची. प्रत्येक तुकड्यावर छोट्या घाताची बहुपदी. दोन तुकड्यांच्या सांध्यावर पातळी सलग, उताराला मोकळीक. म्हणजे कोपरा बेसिसमध्ये आधीपासूनच आहे, तो घडवावा लागत नाही.

इथे एक मोह होतो, सगळ्यात सोपी, तंबूच्या आकाराची रेषीय फलनं घ्यायचा. लाटेच्या बाबतीत त्यात खोच आहे. उष्णतेच्या प्रश्नात चूक पसरते आणि विरते. लाटेत ती साठते. चूक उंचीत कमी आणि वेळेत जास्त येते. एका तरंगलांबीत १० बिंदू घेतले, वस्तुमानाची मॅट्रिक्स (काळाबरोबरच्या बदलात शेजारच्या बिंदूंना एकमेकांशी बांधणारी सारणी) काटेकोर ठेवली, तर लाटेची शिखरं १.६ टक्के जास्त वेगाने पळतात. मॅट्रिक्स कर्णावर गोळा केली तर तितक्याच टक्क्यांनी रेंगाळतात. लाटांच्या गटाचा वेग घेतला तर चूक तिप्पट, जवळजवळ ५ टक्के. तुमच्या ३९ मिनिटांच्या प्रवासात शिखर ३८ सेकंद चुकतं. एका फेरीला चालून जाईल, पण लाट खाडीत दहा वेळा मागेपुढे झाली की आलेखावर शिखराच्या जागी दरी दिसेल आणि उंची बरोबर आहे म्हणून कुणाला शंकाही येणार नाही.

म्हणून तुकड्यावर चौथ्या घाताची बहुपदी. बिंदू पाच: दोन टोकं, मध्य, आणि मध्यापासून अर्ध्या लांबीच्या ०.६५४७ पट अंतरावर दोन्हीकडे एकेक. यांना गाउस-लोबाटो-लजांद्र बिंदू म्हणतात. प्रत्येक बिंदूसाठी असं फलन घ्यायचं की त्या बिंदूवर त्याची किंमत १ आणि इतर चारांवर ०. आणि संकलनही (इंटिग्रेशन) त्याच पाच बिंदूंवर करायचं. असं केलं की वस्तुमानाची मॅट्रिक्स आपोआप कर्णमय होते, प्रत्येक पावलाला समीकरणांचा संच सोडवावा लागत नाही, नुसता भागाकार. संकलन अगदी काटेकोर राहत नाही, आठव्या घाताऐवजी सातव्या घातापर्यंतच अचूक, पण ही तडजोड सोन्यासारखी आहे. पटेरा यांनी १९८४ मध्ये प्रवाहांच्या गणितासाठी स्पेक्ट्रल एलिमेंट पद्धत मांडली (त्यात चेबिशेव होतं), आणि नव्वदच्या दशकात भूकंपाच्या लहरींसाठी कोमातिच व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती या पाच बिंदूंच्या रूपात रुळवली. एका तरंगलांबीला पाचेक बिंदू असा तिथला व्यवहारी नियम आहे.

तुमच्यासाठी: खोल भागात १ किमीचे ४ तुकडे, उथळ भागात ६६७ मीटरचे १२. एकूण ६५ बिंदू, चेबिशेवइतकेच. पण सगळ्यात जवळचे दोन बिंदू ११५ मीटरवर, ७ वर नव्हे. १० सेकंदांचं पाऊल आरामात चालेल.

समीकरण मात्र संकलनाच्या रूपात मांडा, म्हणजे प्रत्येक बेसिस फलनाने गुणून खाडीभर संकलन करून. मग बंद टोकाला काहीही लावावं लागत नाही, भिंतीतून पाणी जात नाही हे त्या रूपातच असतं. मुखाशी ‘बाहेर जाणारी लाट बाहेरच जाऊ दे’ ही अट एका ओळीत बसते.

दर्या_देवगड

मला बहुपदीतलं फार कळत नाही, भौतिकशास्त्रात बीएस्सी झाले आहे. पण आमचे बाबा मासेमारीला जातात आणि खाडीतली भरती हा घरातला रोजचा विषय. ते म्हणतात, “मुखार भरती झाली तरी वर पाणी चढाक येळ लागता.” तो वेळ म्हणजे तुमचे हे ३९ मिनिटंच का? आणि भरतीसाठीही इतके बिंदू लागतील?

सुरूची_सावली

ताई, बाबांचं निरीक्षण खरं आहे, पण ते ३९ मिनिटांमुळे नाही. हे समजून घेण्यासारखं आहे.

भरतीचा मुख्य आवर्तनकाळ १२ तास २५ मिनिटं. २ मीटर खोलीतसुद्धा तिची तरंगलांबी जवळजवळ २०० किलोमीटर भरते. खाडी फक्त १२ किमीची. आत गेलेली भरती बंद टोकावरून परतते, येणारीत मिसळते, आणि घर्षण नसेल तर सगळी खाडी जवळजवळ एकाच वेळी वर-खाली होते, परातीतल्या पाण्यासारखी. धागाकर्तीच्या समीकरणात घर्षण नाही, त्यामुळे त्यात बाबांना दिसणारा उशीर येणारच नाही. तो तळाच्या घर्षणाने, उथळ दांड्यांनी आणि नदीच्या पाण्याने येतो.

बिंदूंचं उत्तर: भरतीला फार थोडी फलनं पुरतात. उंबरठ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक तुकडा आणि त्यावर तिसऱ्या-चौथ्या घाताची बहुपदी पुष्कळ झाली. तीच खाडी, तोच उंबरठा, पण लाट बदलली की बेसिसचा आकार तोच राहून संख्या मात्र बदलते.

कुडाळचा_ठेका

धागा आवडला. आमच्या घरात दशावताराला पखवाजाची साथ करण्याची परंपरा आहे, आणि मी स्वतः मेकॅनिकल इंजिनिअर. उंबरठ्याचं वाचून एकदम शाई डोळ्यांसमोर आली. पुडीचं चामडं एकसारखं ताणलेलं, मधे शाईची गोल चकती, तिथे वजन एकदम वाढतं. नुसत्या गोल पडद्याला बेसेल फलनं (गोल आकारासाठीची, साइनसारखी हेलकावणारी) लागतात आणि कंपनं १, १.५९, २.१४, २.३० अशा बेसूर प्रमाणात येतात. शाईमुळे ती पटीत येतात, म्हणून पखवाज सुरात लावता येतो. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी आपल्या तालवाद्यांवर हेच काम केलं, १९३४ चा त्यांचा निबंध प्रसिद्ध आहे. मग शाई असलेल्या पुडीलाही संपूर्ण पडद्यावरची बेसेल फलनं चालतील का, की शाईच्या कडेवर तुकडा पाडायचा?

सुरूची_सावली

दादा, फार सुंदर उदाहरण दिलंत, मी वर्गात वापरणार. दोन्हीत फरक एकच आणि तो महत्त्वाचा. खाडीत उंबरठ्यावर उतार तुटतो. पुडीवर शाईच्या कडेला ताण दोन्हीकडे सारखाच, त्यामुळे चामड्याला कोपरा पडत नाही, उतार सलग राहतो. उडी येते ती वक्रतेत, कारण तेवढ्याच ताणाने जास्त वजन हलवायचं असतं. म्हणजे बिघाड एक पायरी खाली. संपूर्ण पडद्यावरची बेसेल फलनं इथे खाडीतल्या साइनपेक्षा बरीच चांगली चालतील, पहिल्या काही सुरांसाठी वीसेक पदांत काम होईल असं मला वाटतं. खूप वरचे सूर हवे असतील तर शाईच्या आत एक बेसेल, बाहेर दुसरं, आणि कडेवर जोड. प्रत्यक्षात शाई थर थर देऊन घोटतात आणि कडेकडे ती पातळ होत जाते, त्यामुळे उडीही तितकी धारदार राहत नाही.

मधला_बिंदू

बंदराच्या आतल्या हेलकाव्यासाठी, जिथे एकाच आवर्तनकाळाची लाट घेऊन सोडवतात, तिथे थेट सपाट लाटाच (एकाच दिशेने जाणाऱ्या, सरळ शिखरांच्या) बेसिस म्हणून घेतात असं वाचलं आहे. तरंगलांबीला दोन-तीन बिंदूही पुरतात म्हणे. अनुभव आहे का कुणाला?

सुरूची_सावली

ट्रेफ्ट्झ यांची १९२६ ची कल्पना ती: बेसिसमधलं प्रत्येक फलन स्वतःच समीकरण पाळणारं घ्यायचं. अज्ञातांची संख्या खरंच खूप घटते. पण दिशा वाढवत गेलात की शेजारच्या दोन लाटा इतक्या सारख्या दिसू लागतात की संगणकाला त्या वेगळ्या ओळखता येत नाहीत, मॅट्रिक्स डळमळते. आणि एका तुकड्यात खोली बदलत असेल तर ती लाट तिथे समीकरण पाळतच नाही. खोली सपाट, धक्के सरळ असतील तर जरूर वापरा. आपल्या गाळाने भरलेल्या मुखांसाठी मी बहुपदीच घेईन.

काजळीकाठ (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवस लागले, पण झालं.

आधी मधला_बिंदू दादांची पद्धत लिहिली, ताडून पाहायला. मग सरांनी सांगितल्याप्रमाणे १६ तुकडे, ६५ बिंदू, पाऊल १० सेकंद. उंबरठ्यावर काय व्हायला हवं ते हाताने काढून ठेवलं होतं: वेगांतली वजाबाकी भागिले बेरीज, म्हणजे आलेल्या लाटेच्या ०.२६८ पट परत, आणि १.२६८ पट पुढे. एक मीटरची लाट आत जाताना १२७ सेंटिमीटर होते, २७ सेंटिमीटर समुद्राकडे परततात. प्रोग्राममधून ०.२७ आणि १.२७ आले. ४ किमीवर कोपरा स्वच्छ दिसतो, आजूबाजूला एकही सुरकुती नाही. मुखातून गेलेली लाट गेली, परत आली नाही.

मग मुद्दाम सगळ्या हद्दी ३०० मीटर सरकवल्या, उंबरठा एका तुकड्याच्या पोटात आणला. बिंदू तेवढेच, बाकी सगळं तेच. त्या एका तुकड्यात लगेच सुरकुत्या उठल्या आणि तिथून दोन्हीकडे बारीक लाटा निघाल्या. वहीत दोन्ही आलेख शेजारी शेजारी चिकटवले आहेत.

आता तळाचं घर्षण घालते आहे. दर्या_देवगड, बाबांना विचारशील का, मुखावरची भरती आणि वरची भरती यांत उधाणाला किती वेळ जातो आणि भांगाला (लहान भरतीच्या दिवसांत) किती? दोन्ही वेळांत फरक असेल तर घर्षणाचं पद वेगाच्या वर्गाने घ्यावं लागेल, आणि मग तुकड्याच्या आत ते पाच बिंदू पुरतात का हे पुन्हा तपासावं लागेल.

दर्या_देवगड

विचारलं. आकडा सांगितला नाही, म्हणाले येत्या पुनवेला घड्याळ घेऊन दोघं बसू, एक मुखाशी, एक वर. मी वर बसणार आहे. वेळा इथेच लिहिते.